सॉलीकाकांचा शनिवार

सॉलीकाका चेंडू मारला की तो कुठे गेला ते बघत नसत. चेंडू बॅटवर नीट बसला की सगळं मैदान माना वर करून आकाशाकडे बघायचं, आणि हे मात्र बॅट हळूच गवतावर ठेवून, खाली बघत पहिल्या बेसकडे निघालेले असायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "लागला की हाताला कळतं. मग डोळ्यांनी कशाला चौकशी करायची?"

माझी त्यांची ओळख झाली तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. साउथहॅम्प्टनमध्ये आमच्या घरामागे मोठं मैदान आहे. तिथे एका रविवारी चालत असताना कानावर स्वच्छ मराठी आलं. "अरे, चेंडू टाकतोयस की अक्षता?" ज्याला हे विचारलं जात होतं तो सहा फुटी इंग्रज पोरगा नुसता हसत होता. मी थांबले. बेसबॉलचा गणवेश घातलेल्या, जाडजूड मनगटांच्या त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं आणि नाव-गाव विचारायच्या आधी खांदा दुखत असल्याचं सांगितलं. मी फिजिओथेरपिस्ट निघाले हा त्यांना देवाचा संकेत वाटला. तेव्हापासून मी त्यांची फिजिओबाई. दहा वेळा करायला सांगितलेला व्यायाम ते वीस वेळा करायचे आणि खांदा सुजला की माझ्या शिक्षणावर शंका घ्यायचे.

त्यांचं खरं नाव सॉलोमन. अलिबागजवळच्या एका गावातलं बेने इस्राएली, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं घर. तरुणपणी ते इथल्या बंदरावर इलेक्ट्रिशियन म्हणून आले. तिथल्या एका अमेरिकन इंजिनियरने हौसेने बेसबॉलचा संघ काढला होता, माणसं कमी पडत होती, म्हणून यांच्या हातात बॅट दिली. "लहानपणी विटीदांडू खेळलेला माणूस मी," ते सांगायचे. "विटी बोटाएवढी. इथे चेंडू पेरूएवढा. न लागायला काय झालं?" पुढची पंचवीस वर्षं त्यांच्याइतके लांब चेंडू आमच्या भागात कोणी मारले नाहीत. क्लबच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, खाली 'लीगमधला पहिला ज्यू खेळाडू' असं लिहिलंय. फोटोबद्दल कोणी कौतुक केलं की ते म्हणायचे, "पहिला कसला? दुसरा आलाच नाही, म्हणून मी पहिला."

सुरुवातीच्या वर्षांत समोरचे संघ शिव्या द्यायचे. हे ते मजेत सांगायचे. मला मजा वाटत नसे. "त्यांची पंचाईत व्हायची गं. ज्यू म्हणून शिवी द्यावी की रंग बघून पाकी म्हणून? त्यांचं ठरेपर्यंत मी चेंडू मारून मोकळा."

पण शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा पवित्र दिवस, त्या दिवशी त्यांनी बॅटला कधी हात लावला नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा, नारळाच्या दुधातलं पापलेट, आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत काम बंद, गाडी बंद, खेळ बंद. लीगचे सामने रविवारी असायचे म्हणून निभावलं. एका वर्षी मात्र अंतिम सामना शनिवारी आला. काका चार मैलांवरच्या परक्या मैदानावर चालत गेले आणि घरच्या कपड्यांत बाकावर बसून राहिले. संघ एका धावेने हरला. त्यानंतर नाताळापर्यंत त्यांच्याशी कोणी बोललं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटलं, पश्चात्ताप झाला नाही. "आमचे आजोबा शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. मी बॅट बंद ठेवली. एवढंच तर आमचं उरलंय."

काकू गेल्या, मुलगी रूथ लग्न करून ग्लासगोला गेली. मग दोन वर्षांपूर्वी काका एका दिवशी तीनदा त्याच व्यायामासाठी माझ्याकडे आले. मेमरी क्लिनिकमध्ये मीच घेऊन गेले. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. परत येताना गाडीत म्हणाले, "फिजिओबाई, एक काम तुझ्याकडे. औषधं चुकली तर चुकू देत. माझा शनिवार चुकू देऊ नकोस."

मी हो म्हणाले. मला हे अवघड वाटलं नाही. वार दाखवणारं मोठ्या अक्षरांचं घड्याळ आणून त्यांच्या पलंगासमोर लावलं. क्लबच्या जुन्या लोकांना सांगून ठेवलं. आणि दर शनिवारी सकाळी दहाला मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. वर्षभर यात खंड पडला नाही.

गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी सहकारीण आजारी पडली म्हणून मी तिचे दोन पेशंट बघितले आणि चाळीस मिनिटं उशिरा पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. घड्याळावर शनिवार असं ठळक लिहिलेलं होतं. घड्याळाची काही चूक नव्हती. बॅटची पिशवी जागेवर नव्हती.

मी मैदानाकडे पळत गेले. क्लबच्या नव्या पोरांचा सराव चालला होता. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. फोटोतले म्हातारे गृहस्थ गणवेश घालून आले याचाच त्यांना आनंद. काका बॅट घेऊन उभे होते. मी कुंपणापाशी होते, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण कित्येक महिन्यांत त्यांचे हात इतके स्थिर मी पाहिले नव्हते. ते बघण्यात जो क्षण गेला, तेवढ्यात चेंडू झाडीपलीकडे गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ते बॅट घेऊनच हसत माझ्याकडे आले आणि विचारलं, "आज वार कोणता गं?"

"शनिवार," मी म्हणाले.

त्यांनी हाताकडे बघितलं. मग बॅट खाली टाकली आणि गवतावरच बसले.  तिथूनच म्हणाले, "तू कुठे होतीस?"

माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं सबळ कारण होतं, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. आम्ही चालत घराकडे निघालो. दहा मिनिटांत त्यांच्या मनातून सगळं पुसलं गेलं, चेहरा मोकळा झाला. अंगातल्या गणवेशाकडे बघून त्यांनी पुन्हा विचारलं, "मी खेळलो का आज? वार कोणता?" मी पुन्हा खरं सांगितलं. पुन्हा तोच चेहरा, तेच रस्त्यात थांबणं, तोच प्रश्न, तू कुठे होतीस. त्यांच्यासाठी हे पहिल्यांदाच घडत होतं. पेशंटला दुखेल म्हणून खरं लपवू नये, असं मी ज्युनिअर्सना वर्षानुवर्षं शिकवत आले आहे.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"रविवार," मी म्हणाले.

"मग ठीक," ते म्हणाले. "चांगला लागला ना गं?"

"चांगला लागला, काका."

ऑक्टोबरमध्ये रूथ त्यांना ग्लासगोला घेऊन गेली. त्या दिवसाबद्दल मी तिला सांगितलं, तेव्हा तिने मलाच समजावलं की देव एवढा कडक नसेल. देवाचं मला माहीत नाही. शब्द मी काकांना दिला होता.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. काका जेवतात, झोपतात, खिडकीत बसतात. "आणि बाबा आता वार विचारत नाही," ती म्हणाली. "आधी दिवसभर विचारायचा. इट्स अ रिलीफ, ऑनेस्टली."

मी बरं म्हटलं. तो दिवस शनिवारच होता, पण फोन काकांना दे, आज शनिवार आहे एवढं सांगते, असं म्हणायचं माझ्याने झालं नाही.