एका तारखेच्या अकरा बायका

सकाळी धुकं असं दाटलं होतं की धुलाईखान्याच्या खिडकीबाहेर समोरचं इस्पितळही दिसेना. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या उजव्या डोळ्यात वर्षभर धुकंच होतं. चादर इस्त्रीच्या गरम रुळात घालताना ती कड बोटांनी चाचपायची, आणि परवा बोटंच भाजली. मोतीबिंदू गुरुवारी काढायचा ठरला होता. आज सोमवारी विमा कचेरीचं पत्र आलं: नाव दुबार आढळल्यानं विमा रद्द.

"मी दुबार?" ती जावेला म्हणाली. "एकदा जगतानाच नाकीनऊ आले."

घड्या घालणारी जाऊ हसली नाही. तिलाही तेच पत्र आलं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळलं, डोंगरापलीकडून आलेल्या अकराही जणींना आलंय. इथल्या मूळच्या वीस बायकांपैकी एकीलाही नाही.

लहानपणी या अकराजणी निर्वासितांच्या छावणीत उतरल्या तेव्हा कुणाकडेच जन्माचा दाखला नव्हता. कंटाळलेल्या कारकुनानं सगळ्या पोरींना एकच वर्ष, एकच तारीख दिली, एक जानेवारी. आडनाव म्हणून डोंगराचं नाव चिकटवलं. लग्नानंतरही दुरुस्तीला कुणी गेलंच नाही. अकराजणी एकाच दिवशी म्हाताऱ्या होतात, ही त्यांची आपसातली थट्टा होती. आता कचेरीच्या नव्या यंत्रानं आडनाव आणि तारीख जुळलेली पाहून अकरांची एक बाई केली, आणि तीही खोटी ठरवली.

"अर्ज टाका," मुकादम म्हणाला. "दोन महिन्यांत उत्तर येतं."

"तोवर रुळात हात जाईल माझा."

मंगळवारी पाळी संपताच अकराजणी कामाच्या एप्रनमध्येच कचेरीत गेल्या.

"एकच बाई आहोत ना आपण?" जाऊ बाकावर टेकत म्हणाली. "मग एकीनं आत जा. बाकीच्या घरी जाऊन झोपतो."

खिडकीमागच्या बाईंनी मान वर केली. "यंत्राला तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता हो."

"आमच्याकडे रोज चारशे चादरी सारख्याच येतात, बाई," मावशी म्हणाली. "म्हणून एक ठेवून बाकीच्या फेकत नाही आम्ही. कोपऱ्यातला दोरा बघतो." तिनं एप्रनच्या खिशावर लाल दोऱ्यानं भरलेला कामाचा नंबर पुढे केला. "पगारातून हप्ता कापतात तो या नंबरावर. किती जणींचा येतो, तेवढं बघा."

बाईंनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अकरा."

"घेताना बरोबर मोजलंत," जाऊ म्हणाली.

बाई ओशाळल्या, पण टाळाटाळ केली नाही. एकेकीला पुढे बोलावून यंत्रात तिचा नंबर घातला, आतून साहेबांची सही आणली. मावशीच्या हातात शिक्क्याचा कागद पडला तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. बाकावर बसून ती उगाचच हसत राहिली.

गुरुवारी मोतीबिंदू निघाला, आणि महिन्याभरानं ती कामावर परतली. पहिलीच चादर उचलली आणि थबकली. कोपऱ्यावर बोटभर तपकिरी डाग होता.

"कुणी जाळली गं ही?"

"तूच," जाऊ म्हणाली. "अजून सहा आहेत तशा. दाखवू?"

"नको." मावशीनं चादर झटकली, कड न चाचपता सरळ रुळाला लावली आणि दुसरीला हात घातला.