वरच्या काकांच्या लाखेच्या तबकड्या

आवाज करणारी माणसं असतात, आवाजाची तक्रार करणारी असतात. पण आवाजासाठी जगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो. अक्षरशः डोक्यावर. जर्मनीत इंगोलश्टाटमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. घरात आम्ही त्यांना वरचे काका म्हणतो. मूळचे सोलापूरकडचे, मेकॅनिकल इंजिनियर. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. काम काय, तर गाडीतला नको तो आवाज शोधायचा आणि बंद करायचा. दार कुरकुरतं, गिअर कण्हतो, डॅशबोर्डच्या आत काहीतरी टिकटिकतं. काकांनी डोळे मिटून कान लावला की सैल स्क्रू सापडलाच. दिवसभर आवाज मारण्याचा पगार घेणारा हा गृहस्थ घरी आला की चावीचा फोनो काढायचा आणि शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन नाचाची गाणी लावायचा. त्यांत गाणं कमी आणि भजी तळल्यासारखी चरचर जास्त.

आमची ओळख तक्रारीतूनच झाली. बिल्डिंगच्या हाउसऑर्डनुंगप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, दुपारी एक ते तीन शांतता पाळायची असते. एका शनिवारी एक वाजून दोन मिनिटांनी वरून बँड ऐकू आला. मी वेळ लिहून घेतली आणि वर गेलो. काकांनी दार उघडलं, हाताने मला थांबवलं, गाणं पुरं होऊ दिलं आणि म्हणाले, "बारा अठ्ठावन्नला लावली होती. तीन मिनिटांची असते."

मी म्हटलं, "मग एक वाजून एक मिनिटाला संपायला हवी होती. तरी उशीरच."

"म्हणजे सावकाश फिरतेय!" काका घाबरेच झाले. तिथल्या तिथे त्यांनी तबकडीला कागदाचा कपटा चिकटवला, मला घड्याळ धरायला लावलं आणि फेरे मोजले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर हवेत, शहात्तर भरले. त्याने फार तर पाच सेकंदांचा फरक पडतो. बाकी त्यांचं भिंतीवरचं घड्याळ मागे होतं. पण इतक्या मन लावून आपली चूक शोधणाऱ्या माणसावर रागावता येईना. तक्रार बाजूला राहिली, मी चहा पिऊन खाली आलो. पुढे त्यांनी आपणहून तोडगा काढला. फोनोला आवाज लहान करायचं बटण नसतं, म्हणून ते कर्ण्यात लोकरीची कानटोपी कोंबू लागले. थंडीत बाहेर जाताना तीच टोपी डोक्यावर असायची.

त्यांना सगळ्याच जुन्या तबकड्या चालत नाहीत. अमेरिकेत दारूबंदी आली, तिच्या सुरुवातीच्या चार-पाच वर्षांतल्याच हव्यात. पुढे मायक्रोफोन आला "आणि गाणारे आळशी झाले." त्याआधी अख्खा बँड एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभा राहून वाजवायचा. मोठा ढोल बडवला तर कोरणारी सुई उडायची, म्हणून त्याच्याऐवजी लाकडी ठोकळे वाजवत. हे काका नुसतं सांगत नाहीत, पोळपाटावर लाटणं आपटून दाखवतात. स्वतः थेंबालाही शिवत नाहीत. उभं आयुष्य बव्हेरियात काढून कंपनीच्या प्रत्येक पार्टीत त्यांच्या हातात सफरचंदाचा रस. "कायद्याने शुद्धीवर आणलेल्या माणसांचा ताल ऐका," असा त्यांचा सिद्धांत.

मी म्हटलं, "काका, तेव्हा लोक चोरून प्यायचे म्हणतात."

"गेनाऊ! अगदी बरोबर! चोरून प्यायलेल्या माणसाला सरळ चालून दाखवावं लागतं. म्हणून तर ताल पक्का."

दर रविवारी ते जुन्या बाजारात जातात. तबकडी हातात आली की आधी हुंगतात. विकणारे आता सरावलेत. "ही लाख आहे बरं का," काका मला सांगतात. "आपल्याकडच्या झाडांवरची. बांगड्यांची लाख. तिकडून निघाली, अमेरिकेत गाणं शिकली आणि म्हातारपणी इंगोलश्टाटला येऊन पडली." एवढं बोलून ते तबकडी बाहीने पुसत राहतात.

पोलादी सुई तबकडीवरची खाच खरवडते, म्हणून त्यांनी सोलापूरहून बहिणीकडून बाभळीचे काटे मागवले. काट्याने आवाज बारीक येतो, पण तबकडीला इजा होत नाही. पार्सल कस्टममध्ये अडकलं. "हे कशासाठी?" अधिकाऱ्याने विचारलं. "गाण्यासाठी," काका म्हणाले. त्याने काटा उलटसुलट करून पाहिला, काकांकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. शेवटी काका दुसऱ्या दिवशी फोनो घेऊन गेले आणि टेबलावर ठेवून वाजवला. काटे मिळाले. दोनशे चाळीस होते, मीच मोजले.

काकू होत्या तेव्हा या सगळ्याला "तुमची तळणी" म्हणायच्या. फक्त एक तबकडी त्यांना चालायची. तिच्यावरचं लेबल खरवडलं गेलंय, त्यामुळे गाणाऱ्या बाईचं नाव कुणाला माहीत नाही. "हिला सर्दी झालीय, पण मन लावून गातेय बिचारी," काकू म्हणायच्या. दोन कडव्यांच्या मध्ये ही बाई थांबते आणि एक व्हायोलिन अगदी बारीक वाजतं. तेवढ्यात काकू ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्या व्हायोलिनबरोबर गुणगुणायच्या. दहा-बारा सेकंद. अंदाजाने सांगतोय, तेव्हा मी घड्याळ लावलं नव्हतं. बाई पुन्हा गायला लागली की काकू आत. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यांचं ते गुणगुणणं कुणी कधी टिपून ठेवलं नाही. कोण ठेवणार?

काकांची मुलगी उंटरश्लाइसहाइम गावी असते, सॉफ्टवेअरमध्ये. तिने ती तबकडी फोनवर उतरवून, सगळी चरचर काढून बाबांना पाठवली. काकांनी ऐकली आणि म्हणाले, "अगं, तुझी आई या चरचरीतूनच ऐकायची." ती जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, तो नुसता गोंगाट आहे." काका तिच्यावर चिडले नाहीत. त्यांनी एकतीस वर्षं कंपनीत दुसरं काय सांगितलं होतं?

तेव्हापासून ती तबकडी महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी, काटा लावून. गेल्या हिवाळ्यात काका खाली आले, ते दार न वाजवता नुसते उभे होते. माझ्या बायकोला दार उघडल्यावर दिसले. "व्हायोलिन येत नाही," ते म्हणाले. त्यांनी भिंग लावून खाच तपासली होती. खाच शाबूत होती. मग कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दिलेला आलेख त्यांच्या हातात होता. रेषा उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, घसरगुंडीसारखी खाली गेलेली. ज्या कानांनी स्क्रू सापडायचे, ते कान. श्रवणयंत्र लावून पाहिलं, तर त्यात चरचरच मोठी होत होती.

"पोलादी सुई लावली की व्हायोलिन येतं," काका म्हणाले. "पण दर वेळी थोडं खरवडून जातं. काटा लावला तर तबकडी वाचते, पण मला ऐकू येत नाही. तुम्ही आकड्यांचे माणूस. किती दिवसांनी एकदा लावू, म्हणजे पुरेल?"

मी दोन संध्याकाळी आलेखाचा कागद घेऊन बसलो. कानांची आणि तबकडीची, दोन्ही रेषा एका कागदावर बसेनात. तबकडी झिजते ती वाजवल्याने; कान झिजतात ते न वाजवताही. तिसऱ्या दिवशी वर जाऊन मी सांगितलं, "काका, जपून लावलीत तर तबकडी मागे उरेल आणि तुम्हाला ऐकू येणार नाही. रोज लावा."

"पोलादी?"

"पोलादी."

"आणि व्हायोलिन खरवडून संपलं की?"

त्याला माझ्याकडे आकडा नव्हता. मी तसं सांगितलं. काका आलेखाची घडी घालत म्हणाले, "चला, मग लावूच."

आता रोज संध्याकाळी सहाला ती लागते. कर्ण्यात टोपी नसते. शनिवारी मी वर जाऊन बसतो. गेल्या शनिवारीही गेलो होतो. बाईचा आवाज आता चांगलाच घोगरा झालाय. पहिलं कडवं संपलं. काकांनी डोळे मिटून एक बोट वर केलं आणि मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली. माझे कान अजून चांगले आहेत. मला फक्त चरचर ऐकू आली. बाई पुन्हा गायला लागेपर्यंत काकांचं बोट वरच होतं.

"बघा," काका म्हणाले, "अजून जशीच्या तशी आहे."

"जशीच्या तशी," मी म्हणालो.

ते समाधानाने उठले. स्वयंपाकघरात चहा टाकायला जाताना, दार चांगलं रुंद असूनही, ते एका बाजूने अंग चोरून गेले.