द्राक्षमळ्यांच्या संताचा दिवस, नानांच्या वावरात

आमच्या गावात बाटली आडवी आहे. दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर गावातल्या बायकांचं मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्के जास्त पडले की दुकान बंद. नरडाण्याजवळच्या आमच्या लहानशा गावात त्यासाठी घरोघर फिरली ती माझी माय. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, दारूपायी गेला होता. तिला भाषण करता येत नव्हतं. ती फक्त प्रत्येक दारात उभी राहून म्हणायची, "मना भाऊ तुले याद शे ना?" बाटली आडवी झाली आणि तशीच राहिली.

अशा माऊलीची मुलगी फ्रान्सला वाइन बनवायला शिकायला गेली, यावर गावात काय काय बोललं गेलं असेल ते वेगळं सांगायला नको. मी घरातली पहिली पदवीधर. दोंडाईच्याच्या शाळेत शिकले, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली. तिथल्या एका सरांनी मला फ्रेंच शिकायला लावलं आणि फळप्रक्रियेच्या प्रशिक्षणासाठी अर्जही करायला लावला. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. जागा मिळाली ती एका द्राक्षमळ्यावर. सहा महिने राहायचं, काम करायचं, शिकायचं.

निघायच्या आधी ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "काय वं, तठे पोरी दारू काढाले शिकतस का?"

मी उत्तर देण्याआधी माय म्हणाली, "ती शिकाले जाई राहिनी. तू पेवाले जास."

माझ्याशी तिचा करार साधा होता. काम शीक, पण पिऊ नको. मी तो पाळला. वाइनची चव घ्यायची तर तोंडात घोळवून थुंकायची, हीच तिथली रीत असते. फोनवर मायला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती. "इतली मेहनत करीसन बनाडतस, आनि थुकी टाकतस?"

तळघरात बाटल्या आडव्या ठेवतात, हेही मी तिला सांगितलं. उभी ठेवली तर बूच वाळतं.

"तठे बी आडवीच?" ती म्हणाली. "मंग त्या लोके बी आपलाच मतना शेतस."

ज्यांच्या मळ्यावर मी होते त्या सत्तरीच्या विधवा बाई. मी त्यांना मादाम म्हणायचे. त्या भागातल्या द्राक्षवाल्यांची एक जुनी मंडळी आहे आणि मादाम तिच्या पदाधिकारी होत्या. आधी तिच्यात बायकांना घेत नसत, असं त्या जरा ताठ मानेनं सांगायच्या. जानेवारीत द्राक्षमळ्यांच्या संताचा दिवस असतो. त्या दिवशी मंडळीचा मोठा समारंभ होतो. मी तो पाहिला तेव्हा मला आमच्याकडच्या सोंगांची आठवण झाली. पोस्टातला कारकून, औषधवाला, मळेवाले, सगळे लांब गडद लाल झगे घालून, डोक्यावर चौकोनी टोप्या चढवून, गळ्यात लाल फितीला चांदीची उथळ वाटी लटकवून गंभीर चेहऱ्यानं चालत होते. नव्या माणसानं शपथ घ्यायची की आमच्या मातीच्या नावावर वाईट माल खपवणार नाही, पाहुण्याशी खोटं बोलणार नाही. मग त्या वाटीतून वाइनचा एक घोट प्यायचा आणि प्रमुखानं जुन्या वेलाच्या खोडाचा तुकडा त्याच्या खांद्याला लावायचा. संताची छोटी लाकडी मूर्ती दर वर्षी नव्या घरी जाते. ती ज्या घरी येते तिथे शेजारीपाजारी गोडसर पाव वाटून खातात. आमच्याकडे कानबाई देवी बसते त्या घरी रोट खायला भाऊबंद जमतात, अगदी तसंच. तेवढं सोडलं तर मला ते सगळं जरा नाटकीच वाटलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेजारच्या मळ्यातले एक म्हातारे बर्फावरून घसरले आणि त्यांचा उजवा हात मोडला. छाटणीचे दिवस होते. वेळेत छाटणी झाली नाही तर पुढचं वर्ष हातचं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मादाम मला म्हणाल्या, "कात्री घे." त्या मळ्यात पोहोचलो तर तीच माणसं. पोस्टातला कारकून, औषधवाला, सगळे. अंगात झगे नव्हते, ठिगळं लावलेली जाकिटं होती. कडाक्याच्या थंडीत एकेका ओळीत वाकून सगळे वेल छाटत होते. म्हातारे खिडकीत उभे राहून डाव्या हातानं खुणा करत होते आणि ओरडत होते, "अरे, तो फाटा नको! तो नको!" सगळे त्यांच्याकडे पाठ करून हसत होते.

"मंडळी मुळात यासाठी निघाली," मादाम म्हणाल्या. "आमच्या नियमांत पहिला नियम हाच आहे. झगे मागून आले."

त्या दिवसापासून मला त्या मंडळीत जावंसं वाटू लागलं. मादाम आणि ते हात मोडलेले म्हातारे माझे हमीदार व्हायला तयार होते. दोन सभासदांची हमी लागते. पण बाहेरच्या माणसाला एक वर्ष थांबावं लागतं, आणि माझे सहा महिने तर संपत आले होते.

मी परत आले. जळगावात केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. मादामशी पत्रव्यवहार चालू राहिला. काही वर्षांनी त्यांनी कळवलं की मंडळीनं ठरवलंय, त्या स्वतः भारतात येऊन माझा विधी करू शकतात. पण तो संताच्याच दिवशी व्हायला हवा, आणि वाटीत त्यांच्याच मळ्यांतली वाइन हवी. वय झालंय, पुन्हा येणं होणार नाही, असंही लिहिलं होतं.

मला किती आनंद झाला! खरं सांगायचं तर मला ती लाल फीत मायसमोर गळ्यात घालून हवी होती. माझी पदवी तिला वाचता येत नव्हती. ही फीत तिला दिसली असती.

मायला विचारलं. ती विचार करून म्हणाली, "पाव्हनीले येऊ दे, म्हयनाभर राहू दे. तू मोठी व्हयनी, एक घोट घेशी का नही ते तुनं तू देख. पन बाटली गावना शिवना मझार नही येवाले पाहिजे. मी बायास्ले काय तोंड दखाडू?"

तिचं बरोबर होतं. मी मार्ग काढला. संताच्या दिवशी सकाळी गावात मायचं भरीत खायचं, दुपारच्या गाडीनं नरडाण्याहून जळगावला यायचं आणि संध्याकाळी माझ्या खोलीवर विधी करायचा. माय काही यायची नाही, पण विधी तरी होईल. मादाम आल्या तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी जाडजूड मोज्यात गुंडाळून आणलेली बाटली काढली, माझ्या कपाटातल्या साड्यांच्या खणात आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचा कायदा पाळू."

आदल्या दिवशी आम्ही गावाला गेलो. दीपनगरच्या मावशीनं भरताची मोठी पांढरट हिरवी वांगी पाठवली होती. गल्लीतली पोरंसोरं मादामच्या मागे मागे. कुणी तरी त्यांना "फ्रान्सनी अक्का" म्हटलं आणि तेच नाव पडलं. माय आणि मादाम एकमेकींकडे बघून हसत होत्या. एकीचं दुसरीला कळत नव्हतं, तरी दोघींनी मिळून माझ्या बारीकपणाबद्दल तक्रार केली हे मला नीट कळलं.

सकाळी उठले तर अंगणात चुलीची तयारीच नव्हती. आभाळ भरून आलं होतं. माय डोक्याला फडकं बांधून उभी होती.

शेजारचे नाना बैलगाडीवरून पडून धुळ्याच्या दवाखान्यात होते. मांडीचं हाड मोडलं होतं आणि नानी त्यांच्यापाशी होती. त्यांच्या वावरातला शेवटच्या वेचणीचा कापूस फुटून पांढरा झाला होता. पाऊस आला असता तर तो काळा पडून मातीत गेला असता.

"आज नानाना कापूस येचना शे," माय म्हणाली. "भरीत वावरमाच करसूत. पाव्हनीले सांग, खाटवर बसी राह्य."

मी मादामना सांगितलं. त्यांनी आभाळाकडे बघितलं, मग मला विचारलं, "त्यांचं काय मोडलंय?"

"मांडी."

"मग खाट कशाला?" त्यांनी बाह्या वर केल्या.

बाटली आडवी करणाऱ्या बाया होत्या त्याच वावरात आल्या. सगळ्यांनी कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधल्या. मादामलाही एकीनं तिचा जुना लुगड्याचा तुकडा बांधून दिला. त्यांना कापूस वेचणं माहीत नव्हतं, पण बोटं तयार होती. पहिल्या दोन बोंडांनंतर त्यांना नखानं कापूस अलगद कसा काढायचा ते जमलं. मला मात्र लहानपणीची सवय मोडली होती. माझ्या ओटीत वाळलेल्या पानांचा चुरा जास्त.

माझी ओटी बघून माय म्हणाली, "तू कापूस येचस का कचरा गोया करस?"

"साहेबीण शे ती," पलीकडच्या ओळीतून आवाज आला. "तिले कॉम्प्युटरवर येचाले लाव!"

सगळ्या बाया हसल्या. काय बोलल्या ते मी सांगितलं तेव्हा मादामही हसल्या.

अर्धं वावर झालं आणि गाडीची वेळ जवळ आली. मी घड्याळ बघत होते. मादामजवळ जाऊन म्हटलं, "आता निघायला हवं. आजचाच दिवस आहे."

त्या ओळीच्या टोकाकडे बघत म्हणाल्या, "किती राहिलंय?"

"निम्मं."

"मग?"

त्या पुढे सरकल्या. मी तशीच उभी राहिले. मला वाईट वाटत होतं, हे लपवत नाही. त्या इतक्या लांबून आल्या होत्या, पुन्हा येणार नव्हत्या. लांबून नरडाण्याच्या बाजूनं गाडीचा भोंगा ऐकू आला. मग मीही वाकले आणि वेचू लागले.

कापूस संपला तेव्हा दोन-चार थेंब पडलेच, पण गाठोडी नानांच्या ओसरीत पोहोचली होती. बांधावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. मायनं लाकडी बडगीत मिरच्या, लसूण आणि वांगी घालून मुसळीनं ठेचली, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे टाकले. केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मादामनी पहिला घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी दुसरा घास आणखी मोठा घेतला.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून ती लाल फीत आणि वाटी काढली. मला वाटलं, नुसती दाखवायला काढली असेल. त्या मला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, आमच्या पहिल्या नियमाप्रमाणे, आजारी माणसाच्या मळ्यात जो स्वतः होऊन काम करतो आणि दुसऱ्यांना घेऊन येतो, तो आमचा. त्याला वर्षभर थांबावं लागत नाही, हमीदारही लागत नाहीत."

मी सांगितलं. माय म्हणाली, "माले कसाले? मी काय करं? हाई तं आम्ही दरसाल करतस."

मी तेही सांगितलं. मादाम म्हणाल्या, "म्हणूनच."

मायची नजर वाटीवर गेली. "येन्हामा काय टाकतस?"

मादामनी बांधावरचा माठ दाखवला. "पहिल्या नियमात वाइनचा शब्दही नाही," त्या मला म्हणाल्या. मायनं स्वतः तांब्यानं पाणी घेतलं आणि वाटीत ओतलं.

"पानी शे ना? मंग चालस," ती म्हणाली आणि प्याली.

घोट आधीच झाला होता, शपथ मी मागून वाक्यावाक्यानं अहिराणीत सांगितली. आमच्या मातीच्या नावावर वाईट माल खपवणार नाही. माय म्हणाली, नही खपाडाव. पाहुण्याशी खोटं बोलणार नाही. नही बोलाव. वेलाचं खोड जळगावातच राहिलं होतं. मादामनी पऱ्हाटीची एक जाड काडी उचलून मायच्या दोन्ही खांद्यांना लावली आणि फीत गळ्यात घातली. बायांनी टाळ्या पिटल्या. एक म्हणाली, "आते हाई झगा बी घाली का?" दुसरी म्हणाली, "आमना नंबर कधय?"

माझ्यासाठी आणलेली फीत तीच होती. दुसरी आणलेली नव्हती. मी मायकडे बघत होते, आणि सकाळपासून गाडी-गाडी करणारं माझं मन त्या क्षणी शांत झालं.

नाना बरे होऊन घरी आले. गाठोडी मोजता मोजता त्यांनी विचारलं, "येन्हामा कचरावालं गठुडं कोनं शे?" मायनं माझ्याकडे बोट दाखवलं.

ती चांदीची वाटी आता मायच्या देव्हाऱ्यात आहे, तिच्यात हळद असते. त्या बायांचा एक गट झालाय. कुणाच्या घरी दुखणं आलं की त्यांना निरोप जातो. गटाला नाव नाही. झगेही नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मादामचं पत्र आलं. हात मोडला होता ते म्हातारे वारले. मंडळीनं त्यांच्या मळ्याची छाटणी करून मगच त्यांना निरोप दिला. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "तुझा एक हमीदार गेला. पण तुझी आई आता सभासद आहे, तिची हमी चालते आणि विधीही ती करू शकते. तिला विचार."

मी फोन करून विचारलं.

"देखसू," माय म्हणाली. "पहिले येत्या वेचनीले ये. अजून तुले कापूस नीट येचता येत नही."

सुट्टीचा अर्ज दिलाय. बाटली माझ्या कपाटात, साड्यांच्या खणात, अजून आडवीच आहे.