टेकडीवाल्या काकू

नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळींत डिसेंबरच्या सुट्टीचा विषय निघाला, की काकू सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत. कोणी कोलोरॅडोच्या स्कीइंग रिसॉर्टचे फोटो दाखवी, कोणी विमानाची तिकिटंही बघून ठेवलेली असत. सगळ्यांचं बोलून झालं की काकू एवढंच विचारत, "पायथ्याशी खिडकीत बसलं तर वरून घसरत येणारा माणूस दिसतो का?" मोठ्या डोंगरांवर तो दिसत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मग आमच्या गाड्या दरवर्षीप्रमाणे विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा टेकडीकडे निघत. पोरांनी त्यांचं नावच टेकडीवाल्या काकू ठेवलं होतं.

ती टेकडी म्हणजे शेतांच्या मधोमध वर आलेला एक उंचवटा. वर न्यायला खुर्च्यांची लिफ्ट, नवशिक्यांसाठी जमिनीलगतचा सरकता पट्टा आणि पायथ्याशी लाकडी लॉज. लॉजमध्ये घरचं खाणं चालायचं. काकू तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चहाचा भला मोठा थर्मास घेऊन खिडकीजवळचं टेबल धरत. पट्ट्यापाशी उभी राहणारी गोरी बाई आमच्या पोरांना नावानं हाक मारी.

नागपूरच्या उन्हात वाढलेल्या काकू स्कीइंग शिकल्या त्या लेकीपायी. मीनू लहान असताना एकटी वर जायला तयार होईना, म्हणून काकूंनी पोरांच्या वर्गात नाव घातलं. काकांनी मात्र पायांत स्की कधी चढवल्या नाहीत. ते उताराच्या खाली हात पसरून उभे राहत आणि मीनू थेट त्यांच्या अंगावर येऊन थांबे. काकू म्हणत, "पोरांना पडायची भीती नसते गं. खाली कोणी नसेल, याची असते."

मीनू मोठी झाली, लग्न होऊन टेक्सासमधल्या फ्रिस्कोला गेली. त्यानंतर काकांची स्मृती हळूहळू पुसट होत गेली. आधी माणसांची नावं गेली, मग घरातल्या खोल्या चुकू लागल्या. त्याच वर्षी मंडळींनी कोलोरॅडोचं पक्कं केलं. "यार, दरवर्षी काय तेच," असं माझा नवरा समीरही म्हणाला होता.

"तुम्ही जा," काकू म्हणाल्या. "ह्यांना नवीन जागा झेपायची नाही. टेकडी त्यांच्या ओळखीची आहे."

मला त्या दोघांना एकटं पाठववेना. आम्ही आमचं बुकिंग कॅन्सल केलं. आमची इरा तेव्हा शाळेत होती. "मॉम, इट्स जस्ट अ बम्प," म्हणत ती वाटभर फुरंगटून बसली.

दुपारी लॉजमध्ये काकू इराच्या बुटांचे पट्टे आवळत होत्या आणि मी पुऱ्यांचा डबा उघडत होते. मान वर केली तर काकांची खुर्ची रिकामी. आम्ही धावत बाहेर गेलो. काका उताराच्या पायथ्याशी बर्फात उभे होते, पायांत नुसते मोजे. पट्ट्यावरच्या बाईनं पट्टा थांबवला होता, स्वतःचं जाकीट त्यांच्या खांद्यांवर टाकलं होतं आणि ती त्यांचा हात धरून उभी होती.

"काका, चला आत," समीर म्हणाला.

ते हलेनात. "मीनू वर आहे. तिला एकटीला उतरता येत नाही."

मीनू फ्रिस्कोला आहे, असं मी सांगणार होते. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. समीरनं आतून बूट आणले, ते खाली बसून त्यांनी काकांच्या पायांत घातले. मग दाराशी ठेवलेल्या आपल्या स्की चढवल्या आणि पुन्हा सुरू झालेल्या पट्ट्यावरून वर गेल्या.

वरून त्या अगदी सावकाश आल्या. गुडघे वाकवून, स्कीची टोकं जवळ घेऊन, नवखं मूल उतरतं तशा. काकांनी हात पसरले. काकू त्यांच्यापाशी येऊन थांबल्या.

"घाबरलीस का गं?" काकांनी विचारलं.

"नाही. तुम्ही होतात ना खाली."

"चल मग. आता चहा घेऊ," म्हणून काका मुकाट्यानं आत आले. काकूंनी चहा ओतला तेव्हा थोडा टेबलावर सांडला. इरानं टेबल पुसलं. पुन्हा तिनं त्या टेकडीला कधी नावं ठेवली नाहीत.

पुढच्या हिवाळ्याआधीच काका गेले. काकूंनी घर विकलं आणि त्या मीनूकडे राहायला गेल्या.

यंदा इरा मोठ्या डोंगरावर जाऊ या म्हणाली. तिला आता स्कीइंग येतंही तेवढं. तरी ठरवण्याआधी मी काकूंना फोन केला.

"जा की," त्या म्हणाल्या. "लेकीला मोठे डोंगर दाखवायलाच हवेत. माझं कारण वेगळं होतं गं. ते आता राहिलं नाही."

तिथं कसं वाटतं, असं मी विचारलं. "मीनू फार करते माझं," त्या म्हणाल्या. "पण सगळे दिवसभर कामाला. घर मोठं आहे."

जेवताना मी हे घरात सांगितलं. इरा ताटात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "कोलोरॅडो कॅन वेट. आपण फ्रिस्कोला जाऊ."

आम्ही टेक्सासला उतरलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. काकूंनी दार उघडलं आणि आधी इराला जवळ घेतलं. "किती उंच झालीस," एवढंच म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी तिला सोडलं नाही.