देवाचा भंडारा, डॉक्टरची गोळी

कळस गावातल्या आमच्या भावकीत मला ‘भंडारा ओतणारी सून’ म्हणतात. खुशाल म्हणू द्या.

सासूबाईंचे, मी त्यांना आत्या म्हणते, गुडघे आणि बोटांची पेरं सुजायची. उमेदीची वर्षं मेंढरांमागं चालण्यात घालवलेली ही बाई, तिला सकाळी चहाच्या कपाचा कान धरता येईना. बारामतीच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला, रोजच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, “बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. बोटं कायमची वाकडी होतील.”

दिवाळीला नणंदेची मुलगी आली. ती बारामतीत फार्मसी शिकते. बिस्किटाचा पुडा दाखवून म्हणाली, “आज्जी, ह्यात रंगाला हळदीतलंच कर्क्युमिन घालतात. सुजेवर चालतं का, तेही तपासतायत. अजून प्रयोगच चाललेत हां.” आज्जीनं शेवटचं वाक्य सोडून सगळं ऐकलं. नुसती हळद सुजेवर चालणार असेल, तर देवाच्या हळदीपुढं गोळी काय चीज! आमच्यात जखमी मेंढराला भंडारा, नव्या ट्रॅक्टरला भंडारा. गोळ्या फळीवर गेल्या आणि सकाळ-संध्याकाळ दुधातून भंडारा सुरू झाला.

तो भंडारा जत्रेतल्या दुकानातला. पुडीवर ‘फक्त पूजेसाठी’ असं छापलेलं. बोटाला लागला की साबणानंही रंग निघत नव्हता. घरची हळद अशी नसते; ह्यात भलताच रंग मिसळलेला असणार. मी हसून सांगितलं, चिडून सांगितलं. नवरा उठून बाहेर गेला. चुलतसासरे म्हणाले, “देवाच्या कामात तू तोंड घालू नगंस.” माझं डोकंच फिरलं. देवाला पुढं करून ही माणसं तिचे हात घालवायला निघाली होती.

त्या संध्याकाळी पेला तिच्या ओठांना लागायच्या आत मी हिसकावला आणि सगळं दूध मोरीत ओतलं.

“अगं, देवाचा भंडारा मोरीत!” चुलतसासरे ओरडले.

“कपाळाला लावा की तात्या, मी बी लावती. पण आत्याच्या पोटात न्हाय जायचा. पाप लागलं तर मला लागू द्या. मला सासू एकच हाय.”

रिकामा पेला हातात धरून मी तिथंच उभी होते; राग होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही. सासूबाईंनी मोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“उभी काय ऱ्हायलीस?” त्या म्हणाल्या. “गोळी आण.”