शून्य हेक्टरचं खाचर

ज्या जमिनीनं पिढ्यान्पिढ्या तुमचं ताट भरलं, तिच्यापुढे कुणी शून्य लिहिलं तर तुम्ही ते मुकाट्यानं वाचून पान उलटाल?

मी पत्रकांवर वाढले. वडिलांनी वाटून उरलेल्या पत्रकांच्या पाठीवरच मी अक्षरं गिरवली. त्यामुळे गुंजवणीच्या धरणात गेलेल्या शेतांवर पत्रक काढायचं ठरलं, तेव्हा आलेख मीच करायला घेतला. प्रत्येक घराचा एक स्तंभ, त्यावर गेलेली जमीन, हेक्टरात. दशांशांची शेपटं डोळ्यांना खुपत होती, म्हणून आकड्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘पूर्णांक’ निवडलं. आलेख एकदम नेटका झाला.

छपाईसाठी वेल्ह्याला जाताना वाटेत आत्याकडे थांबले. तिचं भाताचं खाचर पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचा बांध उघडा पडतो, आणि ती भाकरी बांधून घेऊन तिथं जाऊन बसते. लॅपटॉपवर तिनं आपला स्तंभ शोधला आणि बोट टेकवलं.

“ह्यो आमचा न्हवं? मग डोक्यावर शून्य कशापायी?”

“आत्या, ते हेक्टरात आहे. अर्ध्याच्या आत असलं की…”

“बारा गुंठं व्हतं. धरणानं एकदा बुडवलं, आता तू परत बुडवतीस व्हय गं?”

ती हसली, पण बोट उचललं नाही.

सॉफ्टवेअरनं काहीच टाकून दिलं नव्हतं. आत ०.१२ तसंच होतं; दाखवू नको, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. आणि असं सांगितलं की मोठ्यांचं काही बिघडत नाही, सगळ्यात लहान खाचरं तेवढी नाहीशी होतात. तिथंच ओट्यावर बसून मी हेक्टरांचे गुंठे केले, प्रत्येक आकड्यापुढे ‘गुंठे’ जोडलं, अंक देवनागरी केले.

“आता हाय,” आत्या म्हणाली. मग स्तंभावरून बोट फिरवत, “आंबेमोहोर लावायचो त्यात. शिजाया लागला की पार रस्त्यापत्तुर वास. त्यो न्हाई का घालता येत ह्यात?”

“नाही, आत्या.”

“मग आकडा तरी ऱ्हाऊ दे.”

ती अजून पडद्याकडेच बघत होती. त्या स्तंभाच्या मागे कुठंतरी भात उभं असावं, तशी.

तुम्हीही कुणाच्या जमिनीचा आलेख काढत असाल, तर ती माणसं ज्या मापात बोलतात त्याच मापात आकडे लिहा, आणि छापण्याआधी त्यांच्या ओट्यावर जाऊन एकदा तो त्यांना दाखवा.