कँटीनमागची उत्तरेची भिंत

"भाईर चल आधी," म्हणत आप्पा समोरच्याची बाही धरायचे आणि ओढत न्यायचे. मग तो हेल्पर असो, नाहीतर तपासणीला आलेला टायवाला. रांजणगावच्या आमच्या पेंटशॉपमध्ये धड बाहीचा शर्ट शोधून सापडला नसता. माझ्याच सात बाह्या त्यांनी उसवल्यात. थाप वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा, टाके तिनं घातलेत.

आप्पांचं काम रंग जुळवायचं. स्कूटरची बॉडी आम्ही रंगवायचो, पेट्रोलच्या टाकीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण सणसवाडीहून रंगून यायचं. दोन्ही एका रंगाची दिसतात का ते आप्पा बघायचे आणि मगच लॉटच्या कार्डावर शिक्का मारायचे. बघायचे कुठं, तर कँटीनमागच्या उत्तरेच्या भिंतीपाशी, सावलीत, मोकळ्या आभाळाच्या उजेडात. थेट ऊन नको, ट्यूबलाइट तर नकोच.

"रंग काय वस्तूत भरून ठिवलेला नसतो, लेका," ते डाफरायचे. "पडलेल्या उजेडातला जेवढा ती माघारी धाडती, तेवढाच आपल्याला दिसतो. उजेड बदलला की रंग बदलला."

हे त्यांचं डाफरणं पार केंदूरला, त्यांच्या घरापर्यंत ऐकू जायचं आणि तिकडं त्यांची बायको, म्हणजे आमच्या मामी, भाकरी थापायला घ्यायच्या.

मग त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शिरूरहून परत आले ते एकेक डोळा झाकत, उघडत. डाव्या डोळ्यानं त्यांना पांढरा सदरा पिवळट दिसायचा, उजव्यानं निळसर. "आयला, इतकी वर्सं मी चहाच्या गाळणीतनं बघत व्हतो," म्हणाले आणि कपाटातल्या यच्चयावत जुन्या नमुन्याच्या पट्ट्या त्यांनी पुन्हा भिंतीपाशी नेल्या. त्यातल्या तीन आणून सगळ्यांसमोर टेबलावर आपटल्या. "ह्या माझ्या चुका. लिवून घ्या."

अख्ख्या एमआयडीसीत स्वतःची चूक लिहून घ्या म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आणि आरशात तर मी रोज बघतो.

अशात नवे साहेब आले. क्रीम रंगाचा मोठा लॉट तयार होता, गेटवर ट्रक उभा होता. ट्यूबखाली बॉडी आणि झाकण म्हणजे जुळी भावंडं. आप्पांनी दोन्ही भिंतीपाशी नेली आणि झाकण गुलाबी पडलं. सणसवाडीवाल्यानं दुसरंच रंगद्रव्य वापरलं होतं. ट्यूबच्या उजेडात ते खपून गेलं, आभाळाखाली उघडं पडलं. आप्पांनी शिक्का मारायला नकार दिला. साहेबांनी बाहेर येऊन बघायची तसदी घेतली नाही. लाइनवर जुळतंय ना, मग पाठवा, एवढंच म्हणाले.

"साहेब, गिऱ्हाईक काय स्कूटर ट्यूबखाली चालवतंय व्हय?"

सगळी लाइन हसली. मीही हसलो. तेवढं साहेबांना लागलं. आप्पांचा डोळा ऑपरेशनचा, त्यांना आता रंग कळत नाहीत, असं तिथल्या तिथं ठरलं. त्यांना जेवायला पिटाळलं. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, सुपरवायझर तुम्ही आहात, गाडी अडता कामा नये.

शिक्का आप्पांच्या टेबलाच्या खणात होता. मी मारला. आजवर मी एवढ्या थापा मारल्यात, ही त्यातली एक असती तर किती बरं झालं असतं.

शोरूमवाल्यांनी स्कूटर दारात उभ्या केल्या आणि क्रीम स्कूटरवरची गुलाबी झाकणं रस्त्याच्या पलीकडून दिसू लागली. सगळा लॉट माघारी आला. साहेबांनी कार्ड काढलं. त्यावर शिक्का आप्पांचा. लगेच साहेबांच्याच केबिनमध्ये चौकशी बसली. साहेब मऊ आवाजात बोलत होते. वय झालं, नजर गेली, यात आप्पांचा दोष नाही, म्हणे. दृष्टिदोषामुळे कामावरून कमी, असा कागद आधीच टाइप करून ठेवलेला. आज ते साहेब आणखी वरच्या खुर्चीत आहेत आणि त्यांच्या नजरेवर कुणी कागद काढलेला नाही.

आप्पांनी कार्ड हातात घेतलं. डावा डोळा झाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"शिक्का माझा हाय. हात माझा न्हाई."

कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांनी टेबलावरचं झाकण आणि बॉडीचा तुकडा उचलला. "भाईर चला, दाखवतो. कुणाची नजर गेली ते तिथं कळंल."

केबिनमध्ये आम्ही चौघं बसलेलो. एकही उठला नाही. आवाज चढवून मशिनं बंद पाडणारा मी, तेव्हा पंख्याची पाती बघत होतो. आप्पा माझ्या खुर्चीपाशी थांबले. माझ्या बाहीपर्यंत त्यांचा हात आला आणि न धरताच मागे गेला.

ते एकटेच बाहेर पडले. केबिनची खिडकी नेमकी कँटीनच्या मागे उघडते. साहेबांना उन्हाचा त्रास नको म्हणून तिच्या काचेवर निळी फिल्म लावलेली आहे. आप्पा भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. झाकण आणि तुकडा शेजारी शेजारी, डोक्याच्या वर धरून, आमच्याकडे तोंड करून. किती तरी वेळ तसेच उभे होते.

त्या काचेतून आम्हाला दोन्ही सारखीच दिसत होती.